कोपरा कातरलेला वार्षिकांक घ्यावा की नाही?

मँचेस्टरकर

ब्रिटनमध्ये नाताळच्या भेटींचा हंगाम साधून मुलांच्या कॉमिक्सचे आणि टीव्ही मालिकांचे पुठ्ठाबांधणीचे वार्षिकांक निघत आले आहेत आणि बहुतेकांवर पुढच्या वर्षाचे साल छापलेले असते. आपल्या दिवाळी अंकासारखाच हा सणाचा ऐवज, फक्त मुलांसाठी आणि जाड पुठ्ठ्यात. मी यातले विज्ञानकथांचे जुने अंक जमवतो आणि त्यातही ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या काळप्रवासाच्या मालिकेचे, जे इथल्याच, मँचेस्टरच्या वर्ल्ड डिस्ट्रिब्युटर्स या प्रकाशनाने १९६५पासून सुमारे वीस वर्षे काढले.

जमवणाऱ्यांचा दंडक असा, की सुरुवातीच्या पानावरचा किंमत छापलेला कोपरा शाबूत हवा, ‘हे पुस्तक अमक्याचे आहे’ ही चौकट रिकामी हवी आणि शब्दकोड्यांना पेन्सिल लागलेली नसावी. मला हा दंडक मुळातच उलटा वाटतो. गेल्या महिन्यात एका धर्मादाय दुकानात मिळालेल्या प्रतीत भेट देणाऱ्याने किंमत दिसू नये म्हणून कोपरा तिरका कातरला आहे. चौकटीत मुलाचे आडनाव मावलेले नाही, म्हणून शेवटची तीन अक्षरे समासात वर चढली आहेत. आणि भूलभुलैयाच्या चित्रात पेन्सिलीची रेघ दोनदा फसून तिसऱ्यांदा सरळ भिंत फोडून बाहेर पडली आहे.

ही मालिका जानेवारी १९७०पर्यंत टीव्हीवर कृष्णधवल होती, पुनर्प्रक्षेपण क्वचित होई, घरी ध्वनिचित्रफीत नव्हती आणि बीबीसीने पुढे अनेक भागांच्या टेप पुसूनही टाकल्या. शनिवारी संध्याकाळी जे दिसले ते गेले. त्या मुलाला परत जाण्यासाठी आणि पडद्यावर न दिसलेले रंग पाहण्यासाठी हे पुस्तकच होते. तेव्हा ज्या प्रतीत कोणी परत परत गेलेच नाही, ती प्रत माझ्या लेखी अर्धवट आहे. आपणा सर्वांना काय वाटते?

कोरा करकरीत

सहमत नाही. आपण वर्णन केलेले बालपण आपले नाही, ते दुसऱ्या कोणाचे तरी आहे आणि आपण ते पुस्तकासोबत फुकट उचलून आणले आहे. माझा आक्षेप मात्र व्यवहाराचा आहे. जुन्या कॉमिक्सच्या अनेक मूळ चित्रफलकांची वासलात लागलेली आहे, त्यामुळे पुनर्मुद्रण करताना कित्येकदा छापील प्रतच स्कॅन करावी लागते. पेन्सिलीची रेघ संगणकावर पुसता येते, पण पानाच्या पाठीमागे उतरलेली शाई पुसता येत नाही आणि कापून पाठवलेले कूपन तर परत चिकटवता येतच नाही.

दुसरे असे, की ‘डॉक्टर हू’च्या सुरुवातीच्या काही अंकांच्या पुठ्ठ्यावर सालच नाही. किंमत शिलिंगमध्ये आहे की फेब्रुवारी १९७१नंतरच्या नव्या पेन्समध्ये, एवढ्यावरूनसुद्धा काळ ताडता येतो. ज्या कोपऱ्याच्या कातरण्याचे आपण कौतुक करत आहात, तो कोपरा म्हणजे पुरावा आहे.

कागदाबद्दलही सांगतो. स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा हा कागद आम्लामुळे कडांकडून आत तपकिरी होत जातो, पाठ सैल पडली की फर्मेच्या फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे होतात आणि चकचकीत पुठ्ठ्यावरचा पापुद्रा कोपऱ्यांपासून निघू लागतो. म्हणून मी माझ्या प्रती नव्वद अंशांपलीकडे उघडत नाही. घरचे हसतात, पण तो भाग वेगळा.

साप्ताहिकवाली

आपण दोघे चौकटीवरून भांडत आहात, पण चौकटीपुढच्या पानांवर काय आहे ते कोणीच बोलत नाही. बहुतेक वार्षिकांकांतला मजकूर भरताडाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘ईगल’चेच घ्या. हे साप्ताहिक १४ एप्रिल १९५० रोजी सुरू झाले, मार्कस मॉरिस या पाद्र्याने ते काढले आणि फ्रँक हॅम्प्सनने त्यात ‘डॅन डेअर’ हा अवकाशवीर उभा केला. हॅम्प्सनच्या चित्रशाळेत यानांच्या प्रतिकृती बनत, सहकारी गणवेश घालून उभे राहत, त्यांची छायाचित्रे घेतली जात आणि मग चित्र काढले जाई. डॅनचा वरिष्ठ सर ह्यूबर्ट गेस्ट याच्या चेहऱ्यासाठी तर हॅम्प्सनने स्वतःच्या वडिलांनाच बसवले होते. शुक्रावरची पहिली कथा सुमारे दीड वर्ष, दर आठवड्याला थोडी थोडी चालली. या संथपणाची सर वार्षिकांकातल्या सुट्या, चार पानांत उरकलेल्या कथेला येणे शक्यच नाही. ‘डॉक्टर हू’च्या अंकांत तर अनेकदा डॉक्टरसोबत मालिकेतले सोबतीच नसतात आणि ‘टू थाउजंड एडी’ या विज्ञानकथांच्या साप्ताहिकाचे वार्षिकांक प्रकाशकाच्या जुन्या साप्ताहिकांतल्या कथा पुन्हा छापून फुगवलेले असत.

शिवाय डिसेंबर १९६२मध्ये मरिनर २ हे अवकाशयान शुक्राजवळून गेले आणि तो ग्रह भट्टीसारखा तापलेला असल्याचे कळून चुकले. डॅनचा शत्रू मेकॉन आणि त्याचे हिरवे ट्रीन सैनिक राहतात तो शुक्र तिथेच संपला. पन्नाशीत हे पुन्हा वाचणारा माणूस विज्ञानकथा वाचत नसतो, तो स्वतःचे जुने फोटो पाहत असतो.

मँचेस्टरकर

भरताडाचा मुद्दा मी बऱ्याच अंशी मान्य करतो. काही अंकांतले खगोलशास्त्राचे लेख मीही पान उलटून सोडून देतो. पण ‘टू थाउजंड एडी’वर आपण एकच शिक्का मारलात, तो मान्य नाही. त्या काळात साप्ताहिकात रंग प्रामुख्याने मधल्या दोन पानांवर असे. त्यातल्याच नायकाच्या, जज ड्रेडच्या, १९८१ आणि १९८२च्या वार्षिकांकांत माइक मॅकमॅहन या चित्रकाराने पूर्ण रंगवलेल्या लांब कथा आहेत आणि तसे काम करायला साप्ताहिकात त्याला जागाच नव्हती. तिथे साप्ताहिक अपुरे पडले आणि वार्षिकांकाने भरून काढले, हे तुम्हीही कबूल कराल.

शुक्राचे म्हणाल, तर पृष्ठभागाचे तापमान साधारण ४६० अंश सेल्सिअस आहे हे मला ठाऊक असते आणि तरीही डॅनचे यान ढगांतून खाली उतरू लागले की मी पान उलटतो. त्या चित्रांत यानाच्या पायऱ्यांचे खिळेसुद्धा मोजता येतात. खिळे मोजणाऱ्या चित्रकाराने ग्रहाबद्दल चूक केली, तर ती त्या काळच्या माहितीची चूक आहे, त्याच्या नजरेची नाही.

आता ‘कोरा करकरीत’ यांच्या पुराव्याविषयी. किंमतीवरून दशक ताडता येईल, पण माझ्या प्रतीवर आतल्या पानावर ‘आजीकडून, नाताळ १९६६’ असे शाईने लिहिलेले आहे. कोऱ्या प्रतीला हे सांगता येईल का?

कोरा करकरीत

सांगता येणार नाही, पण खोटेही बोलता येणार नाही. माझ्याकडे १९६५चाच अंक आहे आणि त्यावर ‘नाताळ १९७३’ अशी नोंद आहे, कारण कोणा काटकसरी नातलगाने तो जुन्या बाजारातून घेऊन दिला असावा. (होय, माझ्याकडे नाव लिहिलेली एक प्रत आहे. ती मी मागच्या फळीवर ठेवतो.) हस्ताक्षर भेट कधी दिली ते सांगते, पुस्तक कधी छापले ते नव्हे.

साप्ताहिकवाली

मॅकमॅहनपुरती माघार घेते. १९८२चा तो अंक कोणाकडे असल्यास त्या कथेची पाने पाहायला आवडतील, कारण माझ्याकडची प्रत माझ्या धाकट्या भावाने भिंतीवर लावण्यासाठी मधूनच कापली होती आणि नेमकी तीच पाने गेली.

मँचेस्टरकर

माझ्या प्रतीत ती पाने आहेत, पण शेवटच्या चौकटीवर कोणीतरी बॉलपेनने ड्रेडला मिशा काढल्या आहेत.

कोरा करकरीत

मग माझी घ्या. मी स्वतः स्कॅन करून पाठवतो, मात्र नव्वद अंशांपलीकडे उघडणार नाही, तेव्हा शिवणीजवळचा बोटभर भाग काळा येईल.