मदत हवी आहे: पबमधल्या जॅममधून जमलेल्या गाण्याचे वाटे कसे लिहायचे?

पुण्यातल्या एका पबच्या गुरुवारच्या जॅममध्ये (आयत्या वेळी एकत्र वाजवण्याच्या बैठकीत) ओळख झालेले चौघे, आणि आता एक मराठी गाणं रिलीजला तयार. शब्द गायिकेचे, चाल तिची आणि गिटारवाल्याची. इथवर वाद नाही. कॉपीराइट कायद्यात शब्द आणि संगीत या वेगळ्या कृती, वादकाचा सादरीकरणाचा हक्क आणखी वेगळा.

अडलंय ते बेसच्या रिफवर, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या सुरावटीवर. तो रिफ आधी वाजत होता, चाल त्यावर बसली. तो काढला तर मुखडा उभाच राहत नाही. मग बेसवाला सहसंगीतकार की नुसता वादक? (ड्रमरने एक ब्रेक सुचवला, त्याला मात्र रचना म्हणवत नाही.) फोनवर तारखेसकट रेकॉर्डिंग आहे, कागदावर काहीच नाही. दोस्तीत कसला कागद, म्हणून राहिलं.

आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) नोंदवण्याआधी स्प्लिट शीट, म्हणजे कुणाचा किती वाटा हे लिहिलेला कागद, करायचंय. संगीताचे तीन सारखे भाग करावेत की रिफला कमी? आणि मास्टरची (अंतिम रेकॉर्डिंगची) मालकी त्याच कागदावर लिहावी की वेगळ्या? स्टुडिओचा खर्च दोघांनीच केलाय. मराठीतला नमुना कुणाकडे असेल तर इथेच टाका.