मदत हवी आहे: फोर्टमधल्या ऑफिस इमारतीत वर घरं, खाली ऑफिसं – जमेल का?

नमस्कार मंडळी,

मुंबईत फोर्टमध्ये आमचा एक गाळा आहे, १९७१ च्या इमारतीत. तळमजला अधिक सहा, आरसीसीचा सांगाडा, पश्चिमेला ऊन अडवायला काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या. लहानपणी मी त्यांना कंगवा म्हणायचे. मोठी ऑफिसं बीकेसी, लोअर परळला गेली, तशी आमचीही भाडेकरू मंडळी पांगली. आज अकरा गाळ्यांपैकी पाच बंद आहेत.

प्रिमायसेस सोसायटीच्या सभेत विषय निघाला की वरचे चार मजले राहायला करावेत, खाली ऑफिसं राहू द्यावीत. पाडून टॉवर नको, यावर बहुतेकांचं एकमत आहे. बाबा गेल्यावर कमिटीत मी आले, त्यामुळे 'तू शिकलेली आहेस, माहिती काढ' हे ओघानं आलंच. शिकले आहे मी, पण कॉमर्स!

मला छळणारी पहिली गोष्ट म्हणजे अंधार. दोन्ही बाजूंना शेजारच्या इमारतींच्या भिंती चिकटून आहेत, खिडक्या फक्त पुढे आणि मागे. पुढच्या खिडकीपासून मागच्या खिडकीपर्यंत ५४ फूट. ऑफिसात दिवसभर ट्यूबलाइट चालते, कोणी तक्रार करत नाही. पण घरात? दुसरी गोष्ट पाइप. प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ दोन संडास, बस. चार घरांची चार मोऱ्या-स्वयंपाकघरं कुठे बसवायची? एका सभासदांनी न्यूयॉर्कच्या २५ वॉटर स्ट्रीटची लिंक पाठवली. तिथे जुन्या ऑफिस इमारतीचे स्लॅब कापून उजेडासाठी चौक काढलेत म्हणे. आपल्याला परवडेल का असलं काही?

आणि परवानगीची सुरुवात कुठून करायची? एकच जिना आहे, त्यावरून घरची आणि ऑफिसची माणसं चालतील का? आमच्यातले एक सीए काका मात्र एकाच मुद्द्यावर अडलेत: 'कपडे कुठे वाळत घालणार?'

तुळई:
ताई, चौक ही काही न्यूयॉर्कची अक्कल नव्हे, आपल्या वाड्यांत तेच असायचं. पण तिथे कापलेली जागा त्यांनी वर मजले चढवून भरून काढली. तुमच्या सांगाड्यावर ते ओझं टाकायचा विचारही नको, आणि नुसतं कापलं तर जागा गेली.

खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या साधारण दोन ते अडीच पट आत उजेड पोचतो, असा ढोबळ हिशेब असतो. तुमचा काठ ८ फुटांवर धरला तर पुढून २० आणि मागून २०. उरला मधला १४ फुटांचा अंधारा पट्टा. मोऱ्या, संडास, कपाटं, येण्याजाण्याची वाट तिथेच टाका. राहण्याच्या खोल्या आणि स्वयंपाकघर खिडकीकडे.

नळकोंडाळं:
वरच्याला पुस्ती. पाइपांचा उभा डक्टही त्याच पट्ट्यातून काढा, म्हणजे तुमचे दोन्ही प्रश्न एकाच जागी सुटतात. भोक फक्त दोन तुळयांच्या मधल्या स्लॅबमध्ये, तुळईला हात लावायचा नाही. डक्ट माणूस आत उतरू शकेल एवढा ठेवा आणि गच्चीपर्यंत नेऊन वर पंखा बसवा, नाहीतर मोऱ्यांना हवा कुठून?

मोरीखाली पाइप बसवायला लागतो तो खोलगट स्लॅब ऑफिसात नसतोच. मजल्याची उंची १२ फूट असेल तर मोरीची जमीनच एक पायरी वर घ्या. खालच्या घराच्या छतातून पाइप नेऊ नका. गळतीवरून सोसायट्या कोर्टात गेलेल्या पाहिल्यात मी. आणि त्या चढवलेल्या भागात विटांचा चुरा भरू देऊ नका, वजन वाढतं.

तुळई:
वजनाचंच सांगतो. आयएस ८७५ या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे घरासाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरतात, ऑफिसला २५० ते ४००. म्हणजे माणसं-सामानाच्या बाबतीत तुम्ही फायद्यात आहात. घोळ भिंतींत होतो. ऑफिसात लाकडी पार्टिशन होती, घरात पक्क्या भिंती येणार. विटा नकोत, सिपोरेक्सचे हलके ठोकळे वापरा.

त्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट. तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या ३५३ब खाली ते सक्तीचंच आहे. समुद्राची खारी हवा सळया खाते, आणि तुमचा तो कंगवा सगळ्यात आधी गेला असेल. नुसत्या हातोड्याच्या चाचणीवर भागवू नका, कोअर, म्हणजे आतल्या काँक्रीटचे नमुने, काढून तपासून घ्या. अहवाल वाईट आला तर बाकीची चर्चाच नको.

गिरगावकर:
वापर बदलाचा अर्ज आर्किटेक्ट किंवा लायसन्स सर्व्हेअरमार्फत इमारत प्रस्ताव खात्याकडे जातो, नियम डीसीपीआर २०३४ चे, म्हणजे मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीचे. जिन्याचा प्रश्न अग्निशमन दलाकडून आधी सोडवून घ्या, मग नकाशे काढा. उलटं केलंत तर नकाशांचे पैसे पाण्यात. बेस्टचं मीटर घरगुती दरात बदलेल. आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, हे सीए काकांना जरूर सांगा.

धागाकर्ती:
खूप आभार! काल टेप घेऊन गेले होते. काठ ८ फूट २ इंच, मजला १२ फूट, दोन तुळयांमध्ये साडेअकरा फुटांचं अंतर. पुढच्या महिन्यात ऑडिटवाल्यांना बोलावतोय. करमाफीचं ऐकून काका जरा विरघळले, पण कपड्यांचं उत्तर मिळाल्याशिवाय सही नाही म्हणतात. कंगव्यावर दोऱ्या बांधायच्या नाहीत, एवढं मीही मान्य केलंय. गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमागे जागा आहे, फक्त लिफ्ट सहाव्यापर्यंतच जाते.