जुलैत पेंटिक्टनची जुनी रेल्वेवाट: चढ, वाळू आणि सराटे

स्मिताकाकू: मंदार, जुलैत कॅनडाला आलो की ओकानागन खोऱ्यातल्या त्या रूळ काढलेल्या रेल्वेच्या वाटेवर सायकल चालवायची आहे. तुझे काका म्हणतात, रेल्वेची वाट म्हणजे सपाटच असणार.

मंदार: सपाट नाही हो काकू. केटल व्हॅली रेल्वेचा हा चढ 2.2 टक्के आहे. पेंटिक्टन शहर ते वरचं शूट लेक तळं साधारण 40 किमी, त्यात 800 मीटरच्या वर उंची. मध्ये उतार असा मिळतच नाही.

नाना: म्हणजे 45 ला 1, 45 मीटर गेलं की 1 मीटर वर. आपल्या बोरघाटात 37 ला 1 आहे, तिथे मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावावं लागतं. याहून उभा चढ इंजिनाला झेपत नाही, म्हणून लाईन लांबवत नेतात.

मंदार: बरोबर नाना. वाटेत वर आड्रा म्हणून जागा आहे, तिथे तर उंची गाठायला बोगद्यातच लाईन वळवली आहे. काकू, दम लागत नाही, पण खडीवर पेडल थांबलं की सायकल थांबते. गुडघ्यांचा विचार करून शटलने, म्हणजे सायकलींसकट वर सोडणाऱ्या गाडीने, शूट लेकला जा आणि खाली उतरत या. वाटेत मजुरांनी पाव भाजायला रचलेल्या दगडी भट्ट्या आहेत, त्या बघा.

सई: दादा, उतरताना ब्रेकचं काय?

मंदार: ब्रेकपेक्षा वाळू सांभाळ. वरच्या टप्प्यात वळणावर पुढचं चाक रुततं. आधीच वेग कमी कर, हँडल सैल धर, वाळूत पुढचा ब्रेक दाबू नकोस. टायर 45 मिमी, हवा 35 पीएसआयच्या आसपास. त्याहून कमी केलीस तर दगडावर ट्यूब चिमटते, शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

मंदार: आणि खरा त्रास खाली नारामाता गावाच्या फळबागांजवळ. सराटे! आपल्या माळरानावरचे तेच. बोंड वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात, आणि तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर असतोच. पार्किंगच्या कडेला, मोकळ्या वाळूत जास्त. म्हणून सायकल कडेला आडवी टाकायची नाही. ट्यूबलेस असेल तर प्रत्येक चाकात 60 मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, हवा, आणि काटा लगेच उपसू नका.

स्मिताकाकू: आणि ट्यूब असेल तर?

मंदार: नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून फडक्याने पुसा. बोट फिरवू नका, टोचेल. फडकं जिथे अडकेल तिथे काट्याचं टोक राहिलेलं असतं. ते न काढता ट्यूब घातली की दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर. घरी निघताना चपलांचे तळही बघा, हे बी असंच गावभर पसरतं.

वैशाली: फळं मिळतील ना रे?

मंदार: जुलैत चेरी, मग जर्दाळू, पीच महिनाअखेरीस. 2024 च्या जानेवारीत थंडीने कळ्याच करपल्या होत्या, त्या वर्षी पीच-जर्दाळू औषधालाही नव्हते. बागेतून तोडू नका, पडलेलंही उचलू नका, स्टॉलवर घ्या. पाऊस थांबल्यावर बागेवर हेलिकॉप्टर घिरट्या घालताना दिसलं तर घाबरू नका, चेरी तडकू नये म्हणून वाऱ्याने पाणी झटकतात.

सई: पाणी?

मंदार: माणशी 3 लिटर. नारामाताच्या वर भरायला मिळेल असं धरू नका. निघायच्या दिवशी वणव्यामुळे वाट बंद नाही ना, तेही बघा.

स्मिताकाकू: ह्यांनी विचारलंय, ट्यूब इथूनच आणू का?

मंदार: नको. भाड्याच्या सायकलच्या टायरवर साइज लिहिलेली असते, ती बघून तिथेच दोन घ्या. आणि पंपाचं तोंड व्हॉल्व्हला बसतं का, ते दुकानात लावून बघितल्याशिवाय निघू नका.