ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट: दोघांसाठी खरी सुट्टी की सोन्याचा पिंजरा?

लाटालहरी (धागाकर्ती)

ऑल-इन्क्लुझिव्ह (राहणं, खाणं-पिणं सगळं एकाच आगाऊ दरात) म्हटलं की आमच्या ओळखीत लोक नाकं मुरडतात. "मनगटाला पट्टी बांधून दिवसभर चरत बसायचं, यात प्रवास कुठला?" असं एका मित्राने तोंडावर ऐकवलं. आम्ही दोघं नुकतेच अशाच एका समुद्रकाठच्या रिसॉर्टवर राहून आलो आणि माझं मत आता पक्कं झालंय: दोघंही नोकरी करणारे असतील तर यापेक्षा चांगली सुट्टी नाही.

एरवी सहलीत नवरा "मागव गं, बघू नंतर" म्हणणारा आणि मी मेन्यूकार्ड उजवीकडून वाचणारी. कुठे जेवायचं, टॅक्सी करायची की चालायचं, यावरून रोज एक तरी धुसफूस ठरलेली. इथे ती झालीच नाही. नवऱ्याने कुठलंसं निळंशार कॉकटेल मागवलं, दोन घोट घेऊन "औषधासारखं लागतंय" म्हणत बाजूला सारलं, आणि मी चकार शब्द काढला नाही. आमच्या संसारात याची नोंद व्हायला हवी.

या प्रकाराची सुरुवात क्लब मेड या फ्रेंच सहल कंपनीने १९५० मध्ये स्पेनच्या माजोर्का बेटावर तंबू ठोकून केली. पुढे त्यांच्याकडे बारमध्ये पैशांऐवजी मणी चालायचे. पैसा डोळ्यांआड ठेवायचा, ही कल्पनाच मुळी सुंदर आहे. बोला, कोणाला काय वाटतं?

उंटावरचा शहाणा

ताई, मण्यांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. बारमध्ये मणी चालायचे, कारण दारू पॅकेजमध्ये नव्हती! मणी आधी रोख मोजून विकत घ्यावे लागत. पैसा डोळ्यांआड गेला की माणूस हात सैल सोडतो, हे कॅसिनोवाल्यांनाही ठाऊक असतं.

हिशेब झाला नाही असं नाही, तो तुमच्याऐवजी रिसॉर्टने केला. दर माणशी ठरतो, सरासरी खाणंपिणं धरून. माझी बायको दारूला शिवत नाही आणि सकाळी फळं नि कॉफीवर भागवते. तरी तिचे पैसे माझ्याइतकेच. मग पैसे वसूल करायला तिच्या वाटणीचंही मीच ढोसायचं का?

शिवाय 'सगळं' म्हणजे काय, ते बारीक अक्षरात बघा. उंची दारू, स्पा, स्कूबा, जेट स्की यांचे बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे. मालदीवला तर बेटावर पोचवणाऱ्या सीप्लेनचं भाडंही पुष्कळदा वेगळं. बुफे सोडून आतल्या दुसऱ्या रेस्टॉरंटात जेवायचं तर आधी जागा राखून ठेवा, तीही आठवड्यात ठरावीक वेळाच. सुट्टीवर जाऊन रांग लावायची हौस मला नाही.

आळसोबा

उंट, तुमच्यासारख्यांसाठी हाफ बोर्ड असतो. नाश्ता आणि रात्रीचं जेवण आत, दुपारी हवं तिथे हिंडा. विषय संपला.

खारफुटी

विषय संपत नाही, कारण कुंपणाबाहेरचं कोणी बोललंच नाही.

मालदीवमध्ये पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ साली उघडलं. तेव्हापासून एक बेट, एक रिसॉर्ट असाच साचा. पाहुणा विमानतळावरून थेट बोटीत आणि बोटीतून थेट खोलीत. स्थानिक लोक राहतात त्या बेटांवर गेस्टहाउस काढायला परवानगी मिळाली ती २००९ मध्ये. म्हणजे कित्येक वर्षं पर्यटन देशाचा सगळ्यात मोठा धंदा, पण सामान्य कुटुंबाला त्यात उतरायचं तर मुख्यतः रिसॉर्टची नोकरी करून. जमैकात किनाऱ्याचा १९५६ चा कायदा आहे, त्यात लोकांना समुद्रावर जायचा सरसकट हक्कच नाही. तिथले लोक आज कोर्टात भांडताहेत, कारण लहानपणी जिथे पोहले तिथे आता पहारेकरी उभा आहे. मेक्सिकोत किनारा कायद्याने सार्वजनिक आहे, पण दोन रिसॉर्टांच्या मधून वाळूपर्यंत जायची वाट सापडेल तर शपथ.

ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये हे जास्त बोचतं, कारण जेवण आधीच भरलेलं असतं. बाहेरच्या खानावळीत गेलं तर दुहेरी खर्च वाटतो, म्हणून कोणी जातच नाही. लाटालहरी, तुम्ही दोघं कुंपणाबाहेर किती वेळा गेलात?

लाटालहरी

@खारफुटी, एकदा. संध्याकाळी, गेटपासून वळणापर्यंत. नाकारत नाही.

@उंट, मण्यांचं मान्य. पण वसुलीची खाज ही पॅकेजची की माणसाची? नवऱ्याला ती पहिल्या दिवशी होती. प्लेटमध्ये डोंगर रचून आणला आणि दुपारभर खोलीत आडवा. नंतर आपोआप नेहमीइतकं जेवायला लागला.

चहाटळ

खारफुटी, कायद्यांबद्दल नव्याने कळलं, आभार. पण जगाच्या पर्यटनधोरणाचं ओझं थकलेल्या एका जोडप्याच्या बॅगेत का कोंबता? किनारा खुला ठेवणं सरकारचं काम. बालेआरिक बेटांच्या (माजोर्का, इबिझा वगैरे) सरकारने दारूच्या बाबतीत पाऊल उचललंच ना? माजोर्का-इबिझातल्या धुडगुसाच्या भागांत २०२० पासून ऑल-इन्क्लुझिव्हच्या दारूवर बंधनं आली, जेवणासोबत मोजकेच ग्लास. मनात आणलं तर होतं.

आणि एक गोष्ट इथले पुरुष आयडी सोयीस्कर विसरताहेत. घरात "आज काय करायचं?" हा प्रश्न रोज कोण सोडवतं? सहलीतही जेवायची जागा शोधणं, आधीचे अभिप्राय वाचणं, "त्याला तिखट चालेल का" बघणं, हे बहुतेक घरांत बायकोच करते. ते सलग काही दिवस डोक्यातून उतरणं म्हणजे काय, हे बुफेला हसणाऱ्यांना कळायचं नाही. मी खाण्याचे पैसे देत नाही, न ठरवण्याचे देते.

भणंग

हे पटलं. तरी माझा आक्षेप वेगळाच. अनोळखी गावात वाट चुकणं, बस हुकणं, टपरीवर खाणाखुणांनी मागवणं, यातून दोघांच्या गप्पांना खाद्य मिळतं. आमच्या रिसॉर्टवर नाश्त्याला शेजारच्या टेबलावर एक जोडपं असायचं. ती ऑम्लेटचा फोटो काढायची, तो सनस्क्रीनच्या बाटलीवरची माहिती वाचायचा. रोज! बाटली एकच, माहिती तीच. बोलायचं तरी काय, दोघांचा दिवस अगदी सारखाच गेलेला.

चहाटळ

आणि बस चुकली की कोणामुळे चुकली यावर ज्या गप्पा होतात, त्या ऐकल्यात का कधी?

आळसोबा

गप्प बसून एकमेकांशेजारी लोळता येणं ही लग्नाची वरची पायरी आहे. भणंगांना वेळ द्या.

उंटावरचा शहाणा

कामाचं विचारतो. मी ऑल-इन्क्लुझिव्ह घेतलं आणि बायकोने साधं फुल बोर्ड (तिन्ही वेळचं खाणं, दारू वगळून), असं एका खोलीत चालतं का? तसं असेल तर माझा निम्मा विरोध मागे.

आळसोबा

बहुतेक ठिकाणी नाही. एका खोलीतल्या सगळ्या मोठ्यांना एकच प्लॅन घ्यावा लागतो. बुकिंग करण्याआधी विचारून घ्या.

उंटावरचा शहाणा

म्हणजे रिसॉर्टचा नवरा-बायकोवर विश्वास नाही!

चहाटळ

आहे की. एकाच्या ग्लासातून दोघं पिणार, यावर पूर्ण विश्वास आहे.