मदत हवी आहे: अमेरिकेत सायकल चालवायची आहे, फक्त सीट नेली तर चालेल का?

रंकाळा_राऊंड
नमस्कार मंडळी. लेकीकडे जातोय. ती म्हणते बाबा नदीकाठच्या ट्रेलवर सायकल मारू, पूर्वी तिथनं रेल्वे जायची, आता रूळ काढून सगळं डांबरी केलंय. सायकली ती भाड्यानं घेणार. प्रश्न एवढाच की माझी जुनी चामड्याची सीट तिथल्या सायकलला बसेल का? वीस वर्षं बसून बसून ती माझ्या मापाची झालीय, दुसऱ्या सीटवर दहा किलोमीटरात उभं राहायची वेळ येते. ट्रेल ३० चा आहे, सपाट. बॅगा भरायला काढल्यात, लवकर सांगा.

घाटवेडा
काका, कुठला ट्रेल, कुठलं राज्य, कुठला महिना? प्रश्न विचारताय का उखाणा घालताय?
आणि सीट कसली नेताय, आख्खी सायकल न्या की. मी दोनदा नेलीय. खोक्यात भरताना पेडल काढायला लागतात, डाव्या पेडलचा आटा उलटा असतो तेवढं ध्यानात ठेवा, पहिल्यांदा मी उलटं फिरवून फिरवून पाना वाकवला होता.

मिसळ_नंतर_सायकल
भावा ते सायकल भाड्यानं घेणार म्हणालेत, वाच की नीट.
काका, सीटचा नाद सोडा, पॅडवाली चड्डी घ्या. आत दुसरं काही घालायचं नाही, हे कुणी सांगत नाही आणि मग लोक म्हणतात चड्डी बेकार. गगनबावड्याला जाऊन आलो, बूड शाबूत.

घाटवेडा
३० किमी सपाटला पॅडची चड्डी कशाला? रंकाळ्याला चार फेऱ्या जास्त मारल्यासारखं आहे ते.

रंकाळा_राऊंड
पिट्सबर्गच्या वर, फ्रँकलिन गावातनं सुरू होतो, अलेगेनी नदी. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. आता सीटचं सांगा.

माहेर_शाहूपुरी
काका, मी पिट्सबर्गलाच असते. ते ३० किलोमीटर नाही, मैल! फ्रँकलिन ते एम्लेंटन तिसाच्या थोडं आतच आहे, पण परत यायचंय ना? जाऊन येऊन ९० किमीच्या घरात जातं. एक गाडी एम्लेंटनला आधीच लावून ठेवायला सांगा लेकीला.
दुसरं म्हणजे लाईट. वाटेत रेल्वेचे दोन बोगदे आहेत, रॉकलँड २८६८ फूट आणि केनरडेल ३३५० फूट, म्हणजे एकेक जवळपास किलोमीटरभर, आणि आत एकही दिवा नाही. मी पहिल्यांदा मोबाईलच्या टॉर्चवर शिरले, दोन मिनिटांत उतरून भिंतीला हात लावत चालत होते, छतातनं टपकलेलं पाणी मानेवर पडलं तर किंचाळले. हँडलवर चांगला लाईट पाहिजेच, मागं लाल पण. जादा लिथियम बॅटरी नेणार असाल तर ती हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.
आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागं जातात, म्हणजे पाचलाच अंधार. सकाळी लवकर निघा. रस्त्यावर ओला पाला असतो, वळणावर ब्रेक दाबू नका. हरणाच्या शिकारीचे दिवस असतात, भडक भगवं जॅकेट घाला.

मिसळ_नंतर_सायकल
९० किमी! म्हणजे नरसोबाची वाडी करून आल्यासारखं झालं. चड्डी घ्या काका.

बिंदू_चौक_बाबा
वाडीला बासुंदी मिळते, तिथं काय मिळणार?

माहेर_शाहूपुरी
मध्ये दुकानं जवळपास नाहीतच, खाणं-पाणी बरोबर न्या. पण नदीकाठी इंडियन गॉड रॉक बघाच, मोठा धोंडा आहे, त्यावर तिथल्या मूळ लोकांनी कोरलेली चित्रं आहेत आणि त्यांच्यावर नंतर आलेल्यांनी आपापली नावं कोरून ठेवलीत.

बिंदू_चौक_बाबा
म्हणजे पन्हाळ्याचीच पोरं तिकडं गेलेली दिसतात.

पंचगंगाकाठ
आपल्याकडं का होत नाही असलं काही? नदी आहे, सायकलवाले आहेत.

घाटवेडा
रूळ बंद पडायला लागतात त्याला. आपली मिरज लाईन १८९१ पासून चालूच आहे. वैभववाडीची लाईन अजून कागदावर, आधी ती होऊ दे मग काढा रूळ. आणि पंचगंगेकाठी केलाच ट्रेल तर पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटाला गेलं की त्यावर नाव चालवायची का? २०१९ विसरला काय?

रंकाळा_राऊंड
अहो सीट.

पेठेतला_मेकॅनिक
काका, सीट उलटी करा आणि बघा. खाली पुढून मागे जाणाऱ्या तारा किती आहेत? दोन असतील, गोल असतील आणि ७ मिमी जाड असतील तर आजकालच्या जवळपास सगळ्या सायकलींना बसते. आपल्या जुन्या सीटला खाली स्वतःचा क्लॅम्प असतो, तो काढून टाकायचा, नव्या सायकलच्या पिलरवरच, म्हणजे सीट ज्या उभ्या नळीवर बसते तिच्यावरच, पकड असते.
आणि ट्रेल सपाट आहे म्हणून खूश होऊ नका. इंजिनाला चढ झेपत नाही म्हणून रेल्वेचा रस्ता शंभर फुटाला एक-दोन फुटांपेक्षा जास्त चढत नाही, पण मग उतारही नाही. पायडल सोडून नुसतं बसायला मिळतच नाही. पन्हाळ्यावरनं उतरताना जे बूड उचलता ते तिथं आठवणीनं उचलायला लागेल. सीट न्यायचं तुमचं बरोबर आहे.

घाटवेडा
सीटपेक्षा हँडलची उंची महत्त्वाची असते.

पेठेतला_मेकॅनिक
विचारलंय कुणी?

रंकाळा_राऊंड
चार तारा आहेत. दोन वर, दोन खाली. मागे स्प्रिंगा.

पेठेतला_मेकॅनिक
मग क्लॅम्प काढू नका, तो लागणार. लेकीला सांगा, दुकानात विचार की वरचं टोक साधं गोल, २२ मिमीचं, असा साधा पिलर आहे का. खालची जाडी त्यांच्या सायकलच्या मापाची पाहिजे, ती प्रत्येक सायकलला वेगळी, म्हणून इथनं पिलर घेऊन जाऊ नका, फुकट वजन. बरोबर १४ चा पाना ठेवा, पण आधी तुमच्या क्लॅम्पच्या नटावर घालून बघा, जुन्या सीटांचं काही सांगता येत नाही.

मिसळ_नंतर_सायकल
एवढ्या भानगडीत चार चड्ड्या आल्या असत्या.

बिंदू_चौक_बाबा
व्हिसा झालाय ना काका? माझ्या मेव्हण्याचा

रंकाळा_राऊंड
व्हिसा झालाय हो. लेकीनं दुकानात फोन केला, तसला पिलर आहे त्यांच्याकडं, जुन्या खोक्यात पडलेला, आमच्यासाठी काढून ठेवतो म्हणाला. पाना १४ चा नाही, १३ चा बसला. लाईट पण आणला, रात्री घरातले सगळे दिवे बंद करून बाल्कनीत तपासला, बायको म्हणाली काय चोर शिरलाय काय. सगळ्यांचे आभार.
आता शेवटचं. सीट बॅगेत कांदा-लसूण चटणीच्या पिशव्यांना लागून बसलीय, दुसरीकडं जागाच नाही. चामड्याला तेल लागलं तर काय होतं?