सोल्युबिलिटी टेस्ट आणि न तपासलेले निगेटिव्ह
सिकलसेलच्या सोल्युबिलिटी टेस्टमध्ये रक्त एका द्रावणात मिसळतात; सिकल हिमोग्लोबिन असेल तर ते गढूळ होतं आणि नळीमागे धरलेल्या काळ्या रेघा दिसत नाहीत, म्हणजे पॉझिटिव्ह. या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आलेले सगळे नमुने एचपीएलसीला (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या पक्क्या तपासणीला) पाठवले, बहुतेक खरे निघाले, म्हणून चाचणी भरवशाची, असं काही जण म्हणतात. हे अर्धंच पटतं. पॉझिटिव्ह निकाल किती खरे, एवढंच त्यातून कळतं. सिकलसेल असूनही सुटलेले किती, हे कळायला निगेटिव्ह नमुनेही तपासावे लागतात, आणि नेमकं तेच बऱ्याचदा राहून जातं. समजा १००० नमुन्यांत १०० पॉझिटिव्ह आले, त्यातले ९५ खरे. उरलेल्या ९०० मधून चिठ्ठ्या टाकून ९० निवडले आणि एचपीएलसीत त्यात एक सापडला, तर एकूण साधारण १० सुटले असं धरावं लागतं. संवेदनशीलता (खऱ्या पॉझिटिव्हांपैकी चाचणीने किती पकडले) ९५ भागिले १०५, म्हणजे साधारण ९० टक्के. एका नमुन्यावरचा अंदाज ढोबळच असतो, म्हणून जमतील तितके जास्त निगेटिव्ह पाठवा.

सुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे द्रावण गढूळ होत नाही. त्या वयात ही चाचणी करूच नये. नुकतंच रक्त चढवलेल्यांचंही तसंच. नंदुरबार, गडचिरोलीकडे रक्तक्षय भरपूर, तिथे तर फार जपायला हवं: हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त दुप्पट घ्या, नाहीतर नळीमागच्या काळ्या रेघा स्वच्छ दिसतात आणि निगेटिव्ह लिहिलं जातं. द्रावणातलं डायथायोनाइट हे रसायन हवा-ओलाव्याने लवकर निकामी होतं, तेव्हा प्रत्येक खेपेला आधी माहितीतल्या एएस (सिकल वाहकाच्या) आणि एए (सिकल नसलेल्या) रक्तावर द्रावण पारखून घ्या.