मेकॅनिकल सोडून गाड्यांवर लिहायचंय, घरी कोणाला पटत नाहीये

तिसरा_गिअर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी 25 ची, मेकॅनिकल केलंय, चाकणला एका सप्लायरकडे क्वालिटीत तीन वर्षं झाली. काम वाईट नाही, पण रोज तेच, रिजेक्शनचे आकडे नि कस्टमरची बोलणी. गाड्यांचं वेड बाबांकडून आलंय, आमच्याकडे अजून त्यांची जुनी मारुती 800 आहे, तिचा कार्बोरेटर साफ करायचा असला की हाक मलाच येते. तर मला गाड्यांचे रिव्ह्यू लिहायचेत, हौस म्हणून नाही, पूर्णवेळ. आई म्हणते गाड्या फिरवायला कोण पगार देतं, बाबा काहीच बोलत नाहीत म्हणजे त्यांनाही पटलेलं नाही, आणि मामाने तर "लग्न झालं की नवऱ्याच्या गाडीचा रिव्ह्यू लिही" म्हणून विषयच संपवला. इथे या लाईनमधल्या कोणी बायका आहेत का? पत्रकारितेचा कोर्स करावाच लागतो का? आणि खरं सांगा, मुलगी म्हणून त्रास होतो का?

चाकणवाला
ताई, एकच सांगतो, दुसरं काही हातात असल्याशिवाय नोकरी सोडू नका. रिव्ह्यू हल्ली वाचतो कोण, सगळे यूट्यूबवर बघतात आणि तिथेही सनरूफ उघडून दाखवला की झाला रिव्ह्यू. हे माझं वैयक्तिक मत.

पहाटेची_शिफ्ट
अगं मी अकरा वर्षं हेच केलं, आधी एका मासिकात मग फ्रीलान्स, आता कंबरेमुळे थांबलेय, त्यामुळे जरा लांबड लावते.

गाडी चालवणं हा यातला सगळ्यात छोटा भाग. पहाटे साडेतीनला उठून लोणावळ्याच्या पुढे अँबी व्हॅली रोड गाठायचा, कारण आठनंतर ऊनही येतं नि टुरिस्टही. मग फोटोग्राफर पुढच्या गाडीच्या उघड्या डिकीत स्वतःला बांधून बसणार आणि आपण त्याच्या मागे गाडी अशी धरायची की अंतर कमी नको नि जास्त नको, ताशी 40 ने, त्याच वळणावर पंधरा वेळा. मधे म्हैस आली की सगळं पहिल्यापासून. नि प्रत्येक फेरीनंतर गाडी पुसायची, हो आपणच, बादली नि दोन फडकी कायम बरोबर.

ॲव्हरेज काढायचं तर टायरमधली हवा कंपनीने सांगितली तेवढीच, टाकी भरताना नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, पंपवाला हमखास विचारतो "मॅडम राउंड फिगर करू का", त्याला नको म्हणायचं, आणि फिरून आलं की त्याच पंपावर त्याच नोझलने परत भरायचं. वाचणाऱ्याला दिसतो फक्त एक आकडा.

आता मुलगी म्हणून. एकदा टेस्टची गाडी घेऊन आलेल्या माणसाने किल्ली मला न देता आमच्या शिकाऊ फोटोग्राफरच्या हातात ठेवली आणि दहा मिनिटं गाडीही त्यालाच समजावली. त्या पोराकडे लायसन्सपण नव्हतं! तो बिचारा मान डोलवत उभा. अशा गोष्टींवर हसता येतं गं. जे खरं खुपलं ते वेगळंच, पहिली दोन वर्षं ऑफिसात गिअरलेस स्कूटर आली की ती माझ्या टेबलावर, आणि जरा मोठं धूड आलं की ते बाकीच्यांकडे. कोणी वाईट बोलत नव्हतं, उलट "तुला बरं पडेल" म्हणून, आणि म्हणूनच भांडताही यायचं नाही. शेवटी कोणालाच नको असलेला एक मालवाहू टेम्पो मी मागून घेतला. मंचरहून कांदा भरला आणि रात्री मार्केट यार्डला आणला, शेजारी कांदेवाले काका. खेडच्या घाटात मी दुसऱ्या गिअरवर रखडत होते, तेव्हा ते म्हणाले रिकाम्या गाड्या सगळ्याच चांगल्या पळतात हो, भरल्यावर बघायचं असतं. तो लेख छापून आल्यावर टेम्पो, ट्रॅक्टर सगळं माझ्याकडे यायला लागलं, आणि तिथे गर्दीही कमी होती.

अजून एक, मी पाच फूट एक इंच. क्लच पूर्ण दाबायचा तर सीट इतकी पुढे घ्यावी लागते की स्टिअरिंग छातीशी येतं आणि बेल्ट गळ्यावर. सहा फुटी सहकारी त्याच गाडीला "ड्रायव्हिंग पोझिशन उत्तम" लिहून मोकळा व्हायचा. खोटं नव्हता लिहीत, त्याच्यापुरती उत्तमच होती.

कोर्सचं मला कोणीच विचारलं नाही, आधी काय लिहिलंयस ते दाखव एवढंच. पगार सुरुवातीला आत्तापेक्षा कमी मिळेल ही तयारी ठेव. आणि खरी अडचण वेगळीच आहे, टेस्टला गाडी देणारा नि मासिकाला जाहिरात देणारा बहुतेक वेळा एकच असतो. तुझ्या लेखातलं वाईट वाक्य छापायला संपादक उभा राहतो का, ते नोकरी धरण्याआधी त्याच्या जुन्या अंकांत बघून घे.

जुने_अंक
वरच्या प्रतिसादाला +1, सीटबद्दल तर डबल. स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर यांच्या टीमने सरासरी बाईच्या मापाचा क्रॅश टेस्ट डमी (गाडी आपटून तपासताना आत बसवतात तो पुतळा) 2022 मध्ये लोकांपुढे आणला, 162 सेंमी, 62 किलो. त्याआधी बाई म्हणून जो डमी सर्रास बसवायचे तो पुरुषाचाच छोटा केलेला, साधारण बारा वर्षांच्या मुलीएवढा.

ताई, मामांना डेनिस मॅकक्लगेजबद्दल सांगा. न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनची पत्रकार, रेसिंगवर लिहायची आणि स्वतः ठिपक्यांचं हेल्मेट घालून रेसही करायची. इंडियानापोलिसच्या रेस ट्रॅकवर बायकांना प्रेस बॉक्समध्ये जायची बंदी होती, गॅरेजमध्येही, त्यामुळे ड्रायव्हरशी बोलायचं ते जाळीच्या कुंपणाबाहेरून. त्याच बाईने 1961 ला सेब्रिंगच्या रेसमध्ये फेरारी 250 जीटी घेऊन जीटी क्लास (गाड्यांच्या प्रकारानुसार पाडलेला गट) जिंकला आणि 1963 ला माँटे कार्लो रॅलीत फोर्ड फाल्कनमधून आपला क्लास. अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये पत्रकार म्हणून पहिलं नाव तिचं लागलं, तेही 2001 ला!

तुमच्या जास्त जवळची वाटेल ती जीन जेनिंग्ज. आधी टॅक्सी चालवायची, मग क्रायस्लरच्या टेस्ट ट्रॅकवर नोकरी, तिथून 1980 ला कार अँड ड्रायव्हर मासिकात, 1986 ला ऑटोमोबाईल मासिक सुरू करणाऱ्यांत एक आणि 2000 मध्ये त्याचीच मुख्य संपादक. म्हणजे गाड्यांच्या कामातून लिखाणात येणं काही जगावेगळं नाही. जाता जाता, तिचे वडीलही ऑटो पत्रकार होते, तेव्हा बाबांच्या गप्प बसण्याचा अर्थ इतक्यात लावू नका.

चाकणवाला
माझा मुद्दा पैशांचा होता, बायकांचा नाही, गैरसमज नको. आणि क्वालिटीतली माणसं खरंच हवीत तिथे. परवा एका व्हिडिओत दार लावून "सॉलिड आवाज" म्हणत होता, दाराची नि फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) गॅप वर एक, खाली एक, मला मोबाईलवर दिसत होती.

तिसरा_गिअर
सगळ्यांचे आभार, नोकरी सध्या सोडत नाहीये. पण एक झालं, जुने_अंक यांचा प्रतिसाद मी जेवताना मोठ्याने वाचला, मामा नव्हता पण बाबा होते, ते ताटातून मान वर न करता म्हणाले सेब्रिंग म्हणजे फ्लोरिडा. एवढंच! यांना कसं माहीत?? नंतर स्वतःहून म्हणाले की 800 चं ॲव्हरेज बरेच वर्षांत नीट काढलेलं नाही. तर रविवारी पहाटे आम्ही दोघं ताम्हिणीपर्यंत जाऊन येतोय, येईल ते लिहून इथेच टाकते, सोलून काढा.

पहाटेची_शिफ्ट
हवा शनिवारी रात्री नको भरू गं, सकाळी निघताना भर, टायर गार असताना. आणि येताना चालवायला बाबांना दे, तू शेजारी बसून टिपणं काढ.